स्पेशल बी.एड.ला आर्टचा पेपर कशाला, आणि तो नीट कसा करायचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या, बी.एड. स्पेशल एज्युकेशन करताय, शाखा बौद्धिक अक्षमता, आणि त्यात 'ड्रामा अँड आर्ट इन एज्युकेशन' नावाचा छोटा पेपर आलाय. तुम्हाला चित्र काढता येत नाही, वर्गातल्या बाकीच्यांनी फाईल बाहेरून करून घ्यायचं ठरवलंय, घरचे म्हणतायत दोन क्रेडिटसाठी एवढा वेळ कशाला घालवतेस. आणि तुम्हाला विचारायचंय की याचा पुढं शाळेत खरंच उपयोग होतो का, आणि वेगळा ड्रॉइंगचा कोर्स लावावा का.

उपयोग होतो, भरपूर होतो. मी या भागात बरीच वर्षं हेच काम करते, आधी स्पेशल शाळेत, मग सरकारी मराठी आणि कन्नड शाळांतनं, आणि ज्या पोरांना घराबाहेर पडताच येत नाही त्यांच्या घरी जाऊनसुद्धा, आणि माझ्या ट्रेनिंगमधलं जे रोज हाताशी लागतंय त्यात आर्टचा वाटा फार मोठा आहे. ड्रॉइंगचा कोर्स मात्र लावू नका. इकडच्या लोअर-हायर ग्रेड परीक्षा काय किंवा कोल्हापूर बाजूच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट काय, त्या चांगल्याच आहेत, आणि बेळगावात चित्रकलेला मान आहे, के. बी. कुलकर्णींसारखे गुरू इथं होऊन गेले, रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. पण तिथं चित्र कसं झालंय ते बघतात. आपल्याला बघायचं असतंय ते चित्र होताना पोराचा हात, डोळा, मान, श्वास, राग, आनंद यांचं काय झालं ते. त्यासाठी तुम्ही चित्रकार असायची गरज नाही, स्वतः हात घाण करायची तयारी लागते.

हा पेपर आरसीआयच्या (भारतीय पुनर्वास परिषद, स्पेशल एज्युकेशनचे कोर्स मान्य करणारी संस्था) २०१५ च्या अभ्यासक्रमात मुद्दाम घातलेला आहे, आणि त्यात नुसतं चित्र नाही, नाच, गाणं, नाटक, फोटो-व्हिडिओ असं सगळं येतं, शिवाय वेगवेगळ्या अडचणीच्या मुलांसाठी त्यात काय बदल करायचे तेही. म्हणजे गाभा 'बदल कसे करायचे' हा आहे. फाईल बाहेरून करून घेतली की नेमकं तेच हातातनं जातं.

आता मुद्द्याचं. सुरुवात अशी करा, कागदाचा एक गोल कापून ठेवा आणि तो ड्रॉइंग शीटवर फेव्हिकॉलनं चिकटवा, पण उजवा हात मांडीखाली ठेवून फक्त डाव्या हातानं, आणि प्रत्येक हालचाल वहीत लिहा. आपण पोराला एकच शब्द सांगतो, 'चिकटव'. त्यात काय काय आहे बघा: बाटली धरायची, टोपण फिरवायचं (एका हातानं जमतच नाही, बाटली छातीशी दाबून धरावी लागते), टोपण कुठंतरी ठेवायचं, गोल उलटा करायचा, बाटली वाकडी करायची, दाबायची, आणि मग दाबायचं थांबवायचं. हे थांबवणं सगळ्यात अवघड आहे, आमच्या निम्म्या पोरांचा फेव्हिकॉल इथंच सांडतो आणि टीचर म्हणते 'लक्ष देत नाही'. मग बोटानं पसरायचं, गोल उचलायचा, तो बोटालाच चिकटतो, तो सोडवायचा, सुलटा करायचा, जागा बघायची, ठेवायचा, तळव्यानं दाबायचा. टास्क अ‍ॅनालिसिस म्हणून तुम्ही पुस्तकात जे पाठ करताय ते हेच, पण हातानं केल्याशिवाय ते डोक्यात बसत नाही. आणि एकदा बसलं की मग बॅकवर्ड चेनिंगही कळतं, म्हणजे शेवटच्या पायरीपासून उलटं कसं शिकवायचं: बाकी सगळं तुम्ही करा, फक्त तळव्यानं दाबायचं काम पोराचं, चिकटलं की ते हसतंय कारण काम त्यानं पूर्ण केलंय, पुढच्या वेळी ठेवायचं पण त्यानं आणि दाबायचं पण त्यानं. दात घासणं, शर्टाची बटणं, डबा उघडणं, सगळं याच वाटेनं शिकवता येतं.

दुसरं, गिरगटणं वाचायला शिका. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाच्या शिक्षकानं मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या मांडल्यात त्या तुम्हाला सिलॅबसला असतील: साधारण दोन ते चार वर्षं गिरगोट्या, मग चार ते सात डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस, मग पुढं जमिनीची रेघ येते, घर-झाड एका ओळीत उभं राहतं. आपल्याकडं वय तेरा-चौदा आणि हात गिरगोट्यांवर अशी पोरं येतात. आईवडील म्हणतात नुसतं गिरबटतंय. तुम्ही असं म्हणायचं नाही. माझ्याकडं एक मुलगा होता, कित्येक महिने कागदावर फक्त मागंपुढं मागंपुढं रेघा, कागद फाटेस्तोवर. मग हळूहळू त्या रेघा गोल फिरायला लागल्या, चकलीसारख्या, आणि एक दिवस त्यानं गोल काढला आणि जिथं सुरू केला तिथंच आणून थांबवला. बाहेरच्या माणसाला तो एक वाकडा गोल. पण कुठं थांबायचं हे त्या हातानं पहिल्यांदा ठरवलं होतं, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यापास्नं आम्ही त्याच्याबरोबर शून्य, 'ठ', भाकरी, चंद्र सगळं सुरू केलं. आपल्या भागात हे जास्तच कामाला येतं कारण पोराला दोन लिप्या बघाव्या लागतात, कन्नड अक्षरं बहुतेक गोल वळणाची, आपली देवनागरी उभ्या दांड्याची आणि वर शिरोरेघ, तेव्हा कुठल्या पोराचा हात गोलाला आधी तयार होतोय आणि कुणाचा उभ्या रेघेला, हे चित्रातनं कळतं आणि लिखाणाची सुरुवात कुठनं करायची ते ठरवता येतं. रांगोळीचे ठिपके जोडणं यासाठी उत्तम, खडूनं जमिनीवर मोठं काढायचं, सगळा दंड फिरला पाहिजे.

इथंच एक सावधगिरी. माणसाचं चित्र काढायला लावून बुद्धी मोजायची टेस्ट गुडइनफ बाईंनी १९२६ मध्ये आणली, आपल्या मुलांसाठी प्रमिला फाटक यांनी तिचं भारतीय रूप केलं, ती शिकाल. पण सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूतल्या इजेमुळं हालचालीवर ताबा कमी असतो अशा) पोराचा हातच ऐकत नसतो, त्याच्या चित्रावरनं बुद्धी ठरवायला गेलात तर त्या पोरावर अन्याय होतो. आणि रंगावरनं मन वाचायला तर अजिबात जाऊ नका. काळा रंग वापरला म्हणजे पोर दुःखी, असं सांगणारे लोक फार झालेत. बऱ्याचदा काळा खडू सगळ्यात उठून दिसतो म्हणून घेतलेला असतो, नाहीतर डब्यात तेवढा एकच न मोडलेला असतो. आर्ट थेरपी, म्हणजे कलेतनं मनावर उपचार, हे वेगळं शिक्षण आहे, आपण शिक्षक आहोत. पण पोराच्या चित्रातनं किंवा बोलण्यातनं कुणी त्याला त्रास देतंय असं वाटलं तर अर्थ लावत बसायचं नाही, उलटतपासणी करायची नाही, ताबडतोब मुख्याध्यापकांना सांगायचं, चाइल्डलाइनचा १०९८ नंबर आहे, आणि लैंगिक छळाचा संशय असेल तर पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे.

साहित्याचं म्हणाल तर तुम्ही नशीबवान आहात. खानापूरची माती, तिथली कौलं आणि मडकी जुनी प्रसिद्ध आहेत, खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाची संस्थासुद्धा तुमच्याच गावात आहे. कुंभाराकडनं मळलेली माती आणायची, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची, आणि एकाच मातीचे दोन गोळे करायचे. ज्याच्या हातात जोर नाही त्याला पाणी जास्त घातलेली मऊ माती, आणि जे पोर सारखं दात खातंय, हात चावतंय, ज्याला दाब हवा असतो त्याला घट्ट, की त्यानं अंगाचा सगळा भार देऊन दाबलं पाहिजे. काही पोरांना चिकट ओलं हाताला लागलं की अंगावर काटा येतो, ती किंचाळतात, उठून पळतात. त्यांचा हात धरून मातीत घालायचा नाही, कधीच नाही. आधी कोरडी माती चाळणीनं चाळू द्यायची, मग मातीचा गोळा प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरनं दाबायला द्यायचा, मग काडीनं टोचायला, शेजारी हात पुसायला फडकं कायम, आणि फडकं त्याच्याच ताब्यात. माझ्या एका मुलीनं कित्येक महिने पिशवीवरनंच माती दाबली, आणि मण्णेत्तिन अमावस्येच्या (मातीचे बैल पुजायचा इकडचा सण) दिवसांत सगळी पोरं मातीचे बैल करत बसली होती तेव्हा तिनं आपल्या मनानं एका बोटाचं टोक मातीला लावलं, पुसलं, परत लावलं. त्या वर्षी तिचा बैल झाला नाही, पण डाळभातात हात घालून जेवायला ती त्यानंतरच तयार झाली, आणि तिच्या आईला मोठं काय वाटलं असेल सांगा.

बैल ही तर फार उपयोगाची गोष्ट आहे. चार पाय हवेत, नाहीतर उभा राहत नाही, म्हणजे चार मोजून घ्यावे लागतात. एक पाय बारीक झाला की बैल पडतो, पोर आपोआप सारखं-कमीजास्त बघायला लागतं. शिंगं दोन, शेपूट एक. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, घरात खरे बैल रंगवलेले बघितलेले असतात, त्यामुळं कशाचं चित्र, कशासाठी, हे समजावत बसावं लागत नाही. तसेच दिवाळीचे किल्ले. बेळगावात गल्लोगल्ली पोरं किल्ले करतात आणि आपल्या पोरांना तिथं कुणी घेत नाही, फार तर बघायला उभं करतात. तुम्ही शाळेत करा, आणि व्हीलचेअरवरचं पोर असेल तर बाकड्यावर फळी टाकून करा, जमिनीवर केला की ते वरनं बघतच राहणार. दगड आणणारा वेगळा, चिखल कालवणारा वेगळा, पोत्यावर मोहरी-आळीव पेरणारा वेगळा, रोज पाणी मारायची पाळी एकाची, तिचा चित्रांचा तक्ता भिंतीला. ऑटिझमच्या मुलाला हा तक्ता फार आधाराचा होतो, आता काय आणि नंतर काय हे डोळ्यासमोर असलं की त्याचा निम्मा त्रास कमी होतो. शेजारच्या वर्गातली पोरं आपण न बोलावता येतात.

वडगाव-शहापूर भागात मागावरचं उरलंसुरलं सूत मिळतं, पुठ्ठ्याला खाचा पाडून त्यावर वर-खाली विणायला द्या, दोन्ही हातांचं काम होतं. गोकाकची लाकडी रंगवलेली फळं घेऊन ठेवा, महाग वाटली तरी घ्या, वर्षानुवर्षं टिकतात आणि आकार ओळखायला, वर्गवारीला, बाजार-बाजार खेळायला चालतात. नाटकाचा भाग मी असाच घेते, भाजीवाली, गिऱ्हाईक, कंडक्टर, तिकीट, सुट्टे पैसे. वाक्यं पाठ करून स्टेजवर म्हणून दाखवण्यापेक्षा हे पुढं जास्त उपयोगी पडतं.

तुमची शाखा बौद्धिक अक्षमता असली तरी शाळेत सगळी पोरं येणार, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अक्षमतेचे २१ प्रकार आहेत. त्यामुळं दोनतीन गोष्टी आत्ताच करून बघा. एक, जाळीचा बोर्ड: प्लायवुडचा वहीएवढा तुकडा, त्यावर डासांसाठी खिडकीला लावतात ती धातूची जाळी ताणून बसवायची, कडा टोचू नयेत म्हणून चारी बाजूंनी कापडी चिकटपट्टी. वर कागद ठेवून मेणखडूनं दाबून रेघ मारली की ती रेघ खरखरीत होते, बोटाला लागते. डोळे बांधून स्वतः काढा आणि स्वतःच बोटानं शोधा. दृष्टिहीन मुलाला चित्र काय कळणार असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं, लोवेनफेल्डनं तर व्हिएन्नाच्या अंधशाळेतच मुलांकडनं मातीकाम करून घेतलं होतं. दोन, सेरेब्रल पाल्सीसाठी ब्रशच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून जाड करा, कागद टेबलाला चारी कोपऱ्यांत चिकटवा, पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या. पाय टेकले नाहीत की हात स्थिर होत नाही, हे बसून बघितलं की लगेच कळतं. मेणखडू मोडून अंगठ्याएवढे तुकडे द्यायचे, लांब खडू पोर मुठीत धरतंय, बारक्याला चिमटीतच धरावं लागतं. तीन, ऐकू न येणाऱ्या मुलांबरोबर आठवड्याच्या बाजाराला जाऊन या आणि आल्यावर क्रमानं चित्रं काढा, आधी काय, मग काय, खाली दोन शब्द. घरी मराठी, शाळेत कन्नड, दवाखान्यात आणि काहीतरी, अशा घरात चित्र हीच सगळ्यांना समजणारी गोष्ट असते, आई, टीचर, डॉक्टर तिघंही त्यावर बोट ठेवून बोलू शकतात.

सुरक्षिततेचं थोडक्यात: तोंडात घालायची सवय असेल तर मणी, थर्माकोलचे गोळे, बटणं नकोत. त्यांना कणकेचा गोळा आणि हळद-बीटचे रंग, पण मीठ जास्त घातलेली कणीकसुद्धा खाऊ द्यायची नाही. रंगपंचमीचे सुटे रंग बोटानं रंगवायला वापरायचे नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांब लिहायला घेतलं ती. पोराच्या चित्राला हात लावायचा नाही. गॅदरिंग जवळ आलं, पाहुणे येणार म्हटलं की आदल्या रात्री टीचर लोक बसून पोरांची चित्रं 'नीट' करतात, कडा काळ्या करतात, आकाश भरतात, आणि सकाळी खाली पोराचं नाव लावतात. आईवडील त्या चित्रापुढं उभे राहतात आणि त्यांना माहीत असतं की हे आपल्या पोरानं केलेलं नाही. त्यापेक्षा पोराचे तीन फराटे पांढऱ्या कागदावर तसेच लावा, बाजूनं चांगला रुंद माउंट द्या, खाली स्वच्छ अक्षरात लिहा की हे त्यानं पायात ब्रश धरून काढलंय किंवा पहिल्यांदाच सलग पाच मिनिटं बसून काढलंय. लोक थांबून बघतात, खरंच बघतात. मदत करावीच लागली तर आपला हात त्याच्या हातावर नाही, खाली ठेवायचा. त्याचा हात वर, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला काढून घेता येतो.

आणि प्रत्येक चित्राच्या मागं पेन्सिलीनं लिहायची सवय आत्ताच लावून घ्या: तारीख, काय साहित्य, किती वेळ बसला, मदत कुठली आणि किती, नुसतं सांगितलं का खुणेनं दाखवलं का हात धरला, आणि तो काय बोलला, ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत, मग ते कन्नड असो, मराठी असो की अर्धं-अर्धं. आयईपी (त्या एका मुलासाठीची शिक्षण योजना) लिहिताना हाच पुरावा कामाला येतो. 'चित्रकलेत रस वाढवणे' असलं ध्येय लिहू नका, त्यातनं काहीच मोजता येत नाही. 'जाड खडू दिल्यावर, फक्त तोंडी सूचनेवर, पाचपैकी चार वेळा, कागदाच्या आत दोन मिनिटं रेघा मारेल' असं लिहा. मग तीन महिन्यांनी तुम्ही आणि आई दोघी मिळून बघू शकता.

नोकरीचं विचारलंय म्हणून, कोर्स आरसीआयनं मान्य केलेला आहे ना बघून घ्या, पास झाल्यावर सीआरआरला (आरसीआयच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत) नोंदणी होते आणि ती देशभर चालते, कर्नाटकात पण आणि पलीकडं महाराष्ट्रात पण, भरतीचे नियम आणि भाषेच्या अटी मात्र ज्या त्या राज्याच्या. सरकारी शाळांतनं तालुक्याला बीआयईआरटी म्हणून समावेशक शिक्षणाचे जे शिक्षक फिरतात त्यांच्याबरोबर इंटर्नशिपमध्ये एकदोन दिवस जरूर जा, घरी पडून असलेल्या पोराबरोबर गादीवर बसून एका ताटात माती आणि चार खडू घेऊन काय करता येतं ते तिथं दिसेल.

फाईलसाठी असं करा. बाजारातला तयार चार्ट एकही लावू नका. तुम्ही डाव्या हातानं गोल चिकटवलेली शीट, तिच्या शेजारी लिहिलेल्या पायऱ्या, जाळीच्या बोर्डावरचं डोळे बांधून काढलेलं चित्र, ट्यूब गुंडाळलेल्या ब्रशचा फोटो, आणि इंटर्नशिपमधल्या एकाच मुलाची पहिल्या आठवड्यापासून शेवटपर्यंतची चित्रं तारखेनुसार, मागच्या नोंदींसकट, मुलाचं नाव झाकून, पालकांची परवानगी घेऊन. व्हायव्हाला हेच पुढं करा. काही अडलं, विशेषतः मातीचं, तर परत विचारा, मी सांगते.